व्हरमाँटची नगरसभा

अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँट राज्यात मार्चच्या पहिल्या मंगळवारी बहुतेक गावांत भरणारी नगरसभा, म्हणजे सर्व नोंदणीकृत मतदारांची वार्षिक बैठक, हेच गावाचे विधिमंडळ असते. एरवीचा कारभार तीन किंवा पाच निवडून दिलेल्या सदस्यांचे मंडळ पाहत असले, तरी अंदाजपत्रकाला मतदारांचीच मंजुरी लागते. किमान ३० दिवस आधी विषयपत्रिका लावली जाते आणि शाळेच्या सभागृहात घडीच्या खुर्च्यांवर बसलेले गावकरी बर्फ हटवणाऱ्या ट्रकच्या खरेदीवरही मनापासून वाद घालतात. मत आवाजी असते. सात मतदारांनी मागणी केल्यास मात्र चिठ्ठीने गुप्त मतदान घ्यावे लागते, आणि संकोची माणसाला मिळालेले हे संरक्षण फार मोलाचे आहे. अनेक गावांनी आता दिवसभराच्या मतपेटीचा मार्ग पत्करला आहे, परंतु उभे राहून दुरुस्ती सुचवण्याचा आणि खर्चाचा आकडा तिथल्या तिथे बदलण्याचा हक्क त्यात हरवतो.