भुईआवळी गुणाची खरी, पण फवारणीचं कवच नव्हे

कापूस गुडघ्याला लागला की सरीत, बांधावर, केळीच्या बागेत एक छोटं रोप हमखास उगवतं. पानं आवळ्यासारखी आणि त्यांच्याखाली ओळीनं लागलेली मोहरीएवढी हिरवी फळं. हीच भुईआवळी. कावीळ झाली की तिचा रस द्यायची चाल आपल्याकडं जुनी आहे. मग फवारणीच्या दिवसांत "सकाळी रस घे, औषध बाधणार नाही" असं सांगणाराही कुणी भेटतो. शेतकरी बंधूंनो, यातलं खरं किती, ते नीट समजून घ्या. प्रश्न जिवाचा आहे.

यकृत म्हणजे लिव्हर. पोटात गेलेलं बहुतेक सगळं रक्तातून आधी तिथं येतं आणि विषाची विल्हेवाट तिथंच लागते. प्रयोगशाळेत यकृत बिघडवून पाहण्यासाठी कार्बन टेट्राक्लोराइड हे रसायन वापरतात. यकृतात त्याचे जहाल कण तयार होतात आणि ते पेशींच्या आवरणातली चरबी नासवत सुटतात. कडब्याच्या गंजीला ठिणगी लागावी, तसं हे नुकसान एका जागेवरून दुसरीकडं पसरतं. ही ठिणगी विझवणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. भुईआवळीतलं फिलँथिन, हळदीतलं कुरकुमिन आणि आवळ्यातले तुरट घटक हे काम करतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं हिमालयातल्या कुटकीपासून 'पिक्रोलिव्ह' तयार केलं, तेही याच कामासाठी. उंदरांना असा अर्क देऊन विष दिलं, तर यकृताची हानी कमी होते, हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे.

म्हणजे आजीबाईचं ज्ञान अगदीच पोकळ नाही. पण इथंच थांबायला हवं.

एक तर उंदराला दिलेला मोजूनमापून काढलेला अर्क वेगळा आणि आपला वाटीभर रस वेगळा. 1988 मध्ये मद्रासच्या संशोधकांनी भुईआवळीनं हिपॅटायटिस-बी च्या रुग्णांना गुण येतो असं मांडलं, तेव्हा जगभर चर्चा झाली. पुढं इतरांनी केलेल्या चाचण्यांत मात्र तसा गुण दिसला नाही.

दुसरं असं की, कपाशीवरची बरीच कीटकनाशकं आधी यकृतावर नव्हे, मज्जासंस्थेवर घाव घालतात. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही त्यातलीच. तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, बाहुली बारीक होते, श्वास कोंडतो. इथं दवाखान्यातलं अ‍ॅट्रोपिनच लागतं, भुईआवळी काही करू शकत नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते विसरू नका.

तिसरी गोष्ट सगळ्यात सोपी, पण सहसा लक्षात येत नाही. ज्या कपाशीवर काल औषध मारलं, तिच्याच बुडाची भुईआवळी उपटून रस काढला, तर त्या रसातून तेच औषध पोटात जाणार!

वनस्पती म्हटली की निर्धोक, असंही नाही. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता. तरी मनानं काढे-चूर्ण महिनोन्‌महिने घेऊ नये, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

यकृताचे खरे वैरी घरातच असतात. फवारणीचा शीण घालवायला घेतलेली दारू हा पहिला. डोकं दुखतं म्हणून तिच्यावर मनानं घेतलेल्या पॅरासिटामॉलच्या गोळ्या हा दुसरा. बुरशी लागलेला मका आणि भुईमूग हा तिसरा. 1974 मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात बुरशीचा मका खाऊन काविळीची साथ आली, तिच्यात 106 माणसं गेली. आपल्याकडंही मका भरपूर पिकतो. तो पुरता वाळवूनच साठवा. काळा-हिरवा पडलेला दाणा खाऊ नका, जनावरांनाही घालू नका.

फवारणी करताना हातमोजे, मास्क, चष्मा आणि अंगभर कपडे वापरा. वाऱ्याच्या उलट दिशेनं आणि उपाशीपोटी फवारू नका. चोंदलेलं नोझल तोंडानं फुंकू नका. काम संपलं की साबणानं अंघोळ करा, कपडे वेगळे धुवा. डब्यावर लाल त्रिकोण असेल, तर ते विष अति जहाल समजा.

कुणाला बाधा झालीच, तर कपडे काढून अंग धुवा, 108 ला फोन लावा आणि डब्याचं लेबल सोबत न्या. उतारा काय, ते त्यावरच छापलेलं असतं. वेळ घालवून रस-काढे पाजू नका, उलटी करवू नका. सरपंच-ग्रामपंचायतींनी हंगामाआधीच फवारणी करणाऱ्या मजुरांची बैठक घ्यावी आणि आपल्या आरोग्य केंद्रात अ‍ॅट्रोपिन आहे का, ते विचारून ठेवावं.

जेवणात हळद, आवळा, पालेभाजी जरूर असू द्या. ते रोजचं खतपाणी आहे. पण खतपाणी चांगलं म्हणून कुणी शेताला कुंपण घालायचं सोडत नाही.