तण आणि भाजी

मृगाचा पाऊस होऊन पंधरा-वीस दिवस झाले, की गायरानावर तरोटा उगवतो. पुण्या-मुंबईकडे आणि कोकणात त्याला टाकळा म्हणतात. शेतीच्या पुस्तकात तो तणांच्या यादीत आहे. आमच्या घरात तो आषाढातली भाजी होता, आणि काही वर्षी आषाढातले दुसरे काही नव्हतेच.

मी तालुक्याच्या गावी वनस्पतिशास्त्र शिकवते. आमच्या घरातली पहिली पदवीधर मीच. हे सांगण्याचे कारण एवढेच, की रानभाजीची ओळख मी विद्यापीठात शिकले नाही आणि विद्यापीठात जे शिकले त्याने पहिल्याच पावसाळ्यात मला तोंडघशी पाडले. एम.एस्सी. होऊन घरी आले होते. मायचे गुडघे दुखत होते म्हणून मी म्हटले, भाजी मी आणते. ओढ्याच्या कडेने ओंजळभर कोवळे शेंडे खुडून आणले. मायने पदरातली भाजी सुपात ओतली, बोटांनी दोनदा चाळवली आणि म्हणाली, "काय आनलंस गं हे? पानं तरी मोजलीस का?" आणि सूप तसेच उकिरड्यावर रिकामे केले. मी आणला होता तो रानटाकळा, म्हणजे कासविंदा. दोघांची कुळे एकच, फुले दोघांचीही पिवळी. लॅटिन नावे मला दोन्ही पाठ होती.

म्हणून आधी हा फरक नीट सांगते. तरोट्याच्या एका देठावर पानांच्या तीन जोड्या असतात. पान बुडाशी निमुळते आणि शेंड्याकडे रुंद, गोलसर. टोकाची जोडी सर्वांत मोठी. संध्याकाळ झाली की ही पाने मिटतात. रानटाकळ्याला चार-पाच जोड्या असतात आणि पान टोकाला अणकुचीदार असते. शेंगा आल्यावर तर चुकायला जागाच नाही. तरोट्याची शेंग बारीक, वीतभर लांब, विळ्यासारखी वाकलेली. रानटाकळ्याची चपटी, वर तोंड करून उभी, आणि तिच्या दोन्ही कडा फिक्या. वासावर मात्र नवख्याने भिस्त ठेवू नये. रानटाकळ्याचे पान चुरडले तर घाण वास येतो हे खरे, पण तरोट्यालाही स्वतःचा उग्र दर्प आहे. मायला तो फरक नाकाने कळतो. मला अजून पाने मोजावी लागतात.

ही चूक किती महाग पडू शकते? पश्चिम उत्तर प्रदेशात वर्षानुवर्षे हिवाळ्याच्या तोंडावर लहान मुले एकाएकी बेशुद्ध होऊन दगावत. मेंदूज्वर असावा असे धरले जाई. 2007 च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांनी दाखवून दिले, की मुलांनी याच कासविंद्याच्या शेंगांतले दाणे खाल्ले होते आणि त्या विषाने यकृत, स्नायू आणि मेंदू यांवर एकदम घाला घातला होता. 2016 साली ओडिशातील मलकानगिरी जिल्ह्यात आदिवासी मुले मेली, तेव्हाही तपासात याच झाडावर बोट ठेवले गेले. ही गरिबांची मुले होती हे वेगळे सांगायला नको. ज्या मुलाच्या खिशात शेंगदाणे असतात ते ओढ्यातल्या शेंगा सोलत बसत नाही.

आता बाकीच्या भाज्या. घोळ मातीलगत पसरते. तिचा देठ मांसल, तांबूस, पान जाड आणि गुळगुळीत. तिच्याच जातीची बारीक पानांची ती चिवळ. देठ मोडला तर पाण्यासारखा रस येतो. तशाच पसरणाऱ्या दुधीचा देठ मोडला तर पांढरा चीक येतो, ती टाकायची. यावरून कोणी नियम बांधील, की चीक आला म्हणजे विष. तर पाथरी समोर येते. पाथरीच्या पानातही दुधासारखा चीक असतो, आणि ती आम्ही कच्चीच, मीठ-कांद्याबरोबर भाकरीशी खातो! म्हणून सगळ्या झाडांना पुरेल असा एक नियम कोणी सांगू लागला, तर त्याच्या हातची भाजी खाऊ नये. प्रत्येक झाड वेगळे ओळखावे लागते, आणि तेही एका खुणेवर नव्हे तर तीन-चार खुणा एकत्र जुळल्यावर.

कुंजर, कुर्डू आणि काटेमाठ खुरपताना सापडतात. काटेमाठाच्या देठाशी काटे असतात, ते सांभाळून शेंडा खुडायचा. माठ घाईने ओरबाडताना त्यात धोत्र्याची कोवळी पाने येऊ शकतात. धोत्र्याचे विष शिजवून जात नाही. तोंडाला कोरड, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या आणि माणूस बरळू लागला, तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठावा, आणि उरलेली भाजी बरोबर न्यावी म्हणजे डॉक्टरला झाड दिसेल. जमिनीतल्या कंदांबद्दल मी लिहीत नाही. कळलावीचा कंद रताळ्यासारखा दिसतो आणि प्राण घेतो. कंदांची विद्या डोंगरातल्या आदिवासी बायकांची आहे, ती त्यांच्याकडूनच घ्यावी.

तरोटा फुलावर येण्याआधी खुडायचा. नंतर पान जून होते आणि कडसर लागते. चिरून उकळायचा, पाणी पिळून टाकायचे, मग लसूण, लाल मिरची आणि असली तर भिजवलेली डाळ. असली तर. घोळीत ऑक्झॅलिक आम्ल असते. ज्याला मूतखडा आहे त्याने ती रोज खाऊ नये.

तरोटा आमच्याच वाट्याला का आला, याचेही उत्तर झाडातच आहे. त्याला गुरे तोंड लावत नाहीत. गायरानातले गवत पाटलाच्या गुरांनी खाल्ले, की जे उरते ते तरोटा. गुरांनी टाकलेले माणसांनी खुडायचे, आणि तेही गावातल्या बायका झाडाआड वळण्याच्या आत. शाळेच्या डब्यात मी ही भाजी नेली की झाकण अर्धेच उघडून खात असे. आता कृषी विभाग पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरवतो, तिथे हीच भाजी द्रोणात घालून पौष्टिक म्हणून देतात. खाणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण महोत्सवाच्या फलकावर लोह आणि जीवनसत्त्वे लिहिलेली असतात, ती कोणी शोधली हे लिहिलेले नसते. (तरोट्याच्या बियांपासून काढलेला डिंक परदेशात कुत्र्या-मांजरांच्या डबाबंद खाण्यात घालतात, हेही लिहिलेले नसते.)

1972 च्या दुष्काळात माय सात वर्षांची होती. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायची. सुकडी आणि तांबडी मिलो मिळायची, तिच्याबरोबर खायला हिरवे पान मिळेना, कारण पाऊसच नव्हता. हे मुद्दाम सांगते. रानभाजी दुष्काळात गरिबाला तारते, असे शहरातले लेखक मोठ्या प्रेमाने लिहितात. तरोट्यालाही पाऊस लागतो. ती भाजी तारते जून-जुलैत, जेव्हा पेरणी झालेली असते, कणगी रिकामी असते आणि मजुरी अजून सुरू झालेली नसते.

गायरानाबद्दल आमच्यातच एक मतभेद आहे. दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले ते कसायला जमीन मिळावी म्हणून, भाजी खुडायला नव्हे. गायरान नांगरले की तरोटा कमी होतो, हे उघड आहे. तरीही कोणी भाजीचे नाव पुढे करून भूमिहीनाला गायरानातून उठवू पाहील, तर मी त्याच्या बाजूने साक्ष देणार नाही. कसलेल्या शेतातही भाजी उगवतेच. खुरपणाऱ्या बाईला संध्याकाळी मजुरी मिळत असे आणि ओटीत कुंजर-घोळ येत असे.

हे आता मोडत चालले आहे, आणि ते गायरानामुळे नव्हे. सोयाबीनमध्ये, कपाशीत तणनाशक आले. एक माणूस पाठीवर पंप घेऊन दहा बायकांचे काम एका सकाळीत संपवतो. मजुरीही गेली, भाजीही गेली. पण यात एक तिसरी गोष्ट आहे. काही तणनाशके पानावर पडल्यावर झाड लगेच वाळत नाही. काही दिवस ते हिरवेगार दिसते. दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलतीने बांधावरून कुंजर आणले, रात्री घरातल्या चौघांना उलट्या झाल्या. डॉक्टरने काय खाल्ले विचारले, भाजी म्हटल्यावर कागदावर अन्नविषबाधा लिहिले. कुंजर कुंजरच होते, चुलती ते ओळखण्यात चुकणार नाही. त्या शेतात तीन दिवसांआधी फवारणी झाली होती, हे आम्हाला नंतर कळले. फवारणी कारणीभूत होती असे सिद्ध करायला आमच्या हातात काही नाही. भाजी शिजून संपली होती.

पानांच्या जोड्या, चीक, वास, देठाचा रंग, या सगळ्या खुणा मायच्या आणि तिच्या आईच्या बोटांत होत्या. फवारलेल्या पानाला मात्र खूण नाही. ती मायजवळ नाही आणि माझ्या पदवीजवळही नाही. ती फक्त शेतमालकाच्या तोंडात आहे, आणि त्याने सांगावे असा कोणताही रिवाज आमच्या गावात नाही. जिथे आपली युवक मंडळे आहेत तिथे एवढे तरी करता येईल : फवारणी झालेल्या शेताच्या बांधावर काठीला लाल चिंधी बांधायची, आणि मालकाने बांधली नाही तर मजुरांनी बांधायची. आमच्या वस्तीने हे गेल्या पावसाळ्यात सुरू केले. तीन मालकांनी चिंध्या उपटून फेकल्या. दोघांनी ठेवल्या.