ओझू, यासुजिरो
(१२ डिसेंबर १९०३–१२ डिसेंबर १९६३). विख्यात जपानी चित्रपटदिग्दर्शक. टोकिओच्या फुकागावा भागात जन्म. बालपणाचा बराच काळ मीए प्रांतातील मात्सुसाका येथे गेला; वडील व्यवसायानिमित्त टोकिओतच राहत. विद्यार्थिदशेतच अमेरिकन चित्रपटांचे त्याला वेड लागले. १९२३ मध्ये शोचिकू या चित्रपटसंस्थेत तो साहाय्यक छायालेखक म्हणून दाखल झाला आणि १९२७ मध्ये दिग्दर्शक बनला. त्याने पन्नासाहून अधिक चित्रपट दिग्दर्शित केले. आरंभीचे अनेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. उपलब्ध मूकपटांत उमारेते वा मिता केरेदो (१९३२) हा श्रेष्ठ होय. वरिष्ठांपुढे विदूषकी चाळे करणारे वडील पाहून दोन लहान मुले अन्नत्याग करतात, हा त्याचा विषय.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या चित्रपटांत ओझूची शैली परिणत झाली. कोगो नोदा या पटकथालेखकाच्या सहकार्याने त्याने मुलीचा विवाह, वृद्धांचे एकाकीपण, कुटुंबाची पांगापांग हेच विषय पुनःपुन्हा हाताळले. कॅमेरा जमिनीपासून अगदी थोड्या उंचीवर ठेवण्याची त्याची पद्धत प्रसिद्ध आहे. चटईवर बसलेल्या जपानी माणसाची ही दृष्टी, असे तिचे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. परंतु ते अपुरे वाटते, कारण कचेऱ्या व रस्ते यांच्या चित्रीकरणातही तो हीच उंची राखतो. कॅमेरा हलविणे त्याने उत्तरोत्तर कमी केले व अखेरच्या रंगीत चित्रपटांत ते पूर्णपणे वर्ज्य केले. दोन प्रसंगांच्या मध्ये धुरांडी, वाळत घातलेले कपडे, निर्मनुष्य बोळ अशी कथेशी थेट संबंध नसलेली दृश्ये येतात व काही क्षण स्थिरावतात.

मात्र त्याचे खरे सामर्थ्य काय गाळावे, हे जाणण्यात आहे. बान्शुन (१९४९) या चित्रपटात विधुर पिता आपण पुनर्विवाह करीत असल्याचे खोटेच सांगून मुलीला लग्नास राजी करतो. सारे कथानक या लग्नाभोवती फिरते. तरीही विवाहसोहळा दाखविलेला नाही आणि वर तर एकदाही पडद्यावर येत नाही. दिसतो तो रित्या घरी परतून सफरचंद सोलीत बसलेला पिता. टोकिओ मोनोगातारी (१९५३) मध्ये ओनोमिची येथील वृद्ध दांपत्य मुलांना भेटण्यास टोकिओला येते. कामात गुंतलेली मुले त्यांना आतामीच्या उष्णोदकांवर पाठवून देतात. त्यांच्यासाठी सवड काढते ती युद्धात मृत्यू पावलेल्या मुलाची पत्नी. परतीच्या प्रवासात आई आजारी पडते, हेही प्रेक्षकाला नंतर संभाषणातून कळते. मुलांना खलप्रवृत्तीची ठरविण्याचा मोह ओझूने टाळला आहे. त्यामुळेच ही शोकांतिका कोणत्याही घरातली वाटते. यातील सत्तरीचा वृद्ध साकारणारा चिशू र्यू त्या वेळी पन्नाशीच्या आतील होता. सून सेत्सुको हारा हिने रंगविली.

आकिरा कुरोसावाच्या राशोमोनला १९५१ मध्ये व्हेनिस येथे सर्वोच्च पारितोषिक मिळाले व जपानी चित्रपट जगापुढे आला. ओझूची कीर्ती मात्र पश्चिमेत मुख्यत्वे मरणोत्तर पसरली. साइट अँड साउंड या ब्रिटिश नियतकालिकाने २०१२ मध्ये घेतलेल्या कौलात जगातील दिग्दर्शकांनी टोकिओ मोनोगातारीला पहिले स्थान दिले. साम्मा नो आजी (१९६२) हा त्याचा अखेरचा चित्रपट. आपल्या साठाव्या वाढदिवशीच तो टोकिओ येथे कर्करोगाने मरण पावला.