नातीच्या उशाखालची कादंबरी



आजच्या भाषणाचा विषय मला माझ्या नातीच्या उशाखालीं सांपडला. येरवड्यास डेक्कन कॉलेजच्या टेकडीलगत आमचें बिऱ्हाड आहे. नात यंदा अकरावींत आहे. तिची गादी उचलतांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक खालीं पडलें. वेष्टनावर सोनेरी अक्षरें, पंख पसरलेला एक ड्रॅगन आणि हातीं खड्ग घेतलेली एक मुलगी. सूनबाईंनीं तें माझ्यापुढें ठेवलें व म्हणाल्या, "बाबा, तुम्हीं जन्मभर मुलांना शिकविलें. हें असलें वाचणें बरें कीं वाईट, तें एकदां सांगून टाका."

तीस वर्षांपूर्वीं मीं तत्काळ सांगून टाकलें असतें. किंबहुना तसें एकदां सांगितलेंहि होतें. सातवीच्या वर्गांत भूगोलाचा पाठ चालला असतां मागच्या बाकावरील एक मुलगी मांडीवर पुस्तक ठेवून वाचीत होती. मीं तें काढून घेतलें. नाथमाधवांची 'वीरधवल' होती ती. "हें वय असल्या गोष्टी वाचण्याचें नव्हे," असें सर्व वर्गासमक्ष बोलून मीं तें कपाटांत टाकलें व वडिलांना घेऊन ये, असें तिला बजावलें. वडील आले नाहींत, आणि मीही पुन्हा चौकशी केली नाहीं. पुस्तक वाचनालयाचें होतें. त्याची किंमत दंडासह घरच्यांना भरावी लागली आणि मुलीचें वाचनालयांत जाणें कायमचें बंद झालें, हें मला पुष्कळ दिवसांनीं तिच्या धाकट्या भावाकडून कळलें. मुलगी हुशार होती. ही हकीकत ठाऊक असल्यामुळें सूनबाईंना मीं लगेच उत्तर दिलें नाहीं.

प्रथम आपण ज्या शब्दानें या ग्रंथांना ओळखतों तो शब्दच पाहा. 'कादंबरी' हें मुळीं एका मुलीचें नांव आहे. सातव्या शतकांत हर्षाच्या आश्रयास असलेल्या बाणभट्टानें जी कथा रचली, तिची नायिका ही गंधर्वकन्या कादंबरी. उज्जयिनीचा तरुण राजपुत्र चंद्रापीड किन्नरांच्या जोडप्याचा पाठलाग करीत अच्छोद सरोवरापाशीं येतो, तेथें त्याला शोकमग्न महाश्वेता भेटते व तिच्यामुळें कादंबरीची गांठ पडते. पुढें शाप, मरण, पुनर्जन्म, आणि ही सारी हकीकत सांगणारा एक बोलका पोपट! बाणभट्टाच्या हातून ग्रंथ अपुरा राहिला, तो त्याच्या पुत्रानें पुरा केला. मराठीनें व शेजारच्या कानडीनें एका संबंध वाङ्मयप्रकारास या कथेचें नांव दिलें आहे. तेव्हां अद्भुत आणि प्रेम यांचें मिश्रण ही परदेशांतून आलेली नवी साथ आहे, असें निदान आपण तरी म्हणूं नये.

दुसरें उदाहरण घरांतलें. एकनाथांनीं शके १४९३ मध्यें, म्हणजे इ. स. १५७१ त, 'रुक्मिणीस्वयंवर' लिहिलें. चांगला वर मिळावा म्हणून उपवर मुलींना या ग्रंथाचीं पारायणें करावयास लावण्याचा परिपाठ आपल्याकडे आहे. आतां त्यांतील गोष्ट काय? भावानें ठरविलेल्या स्थळास मुलगी नकार देते, मनांत भरलेल्या पुरुषास आपल्या हातानें पत्र पाठविते, आणि लग्नाच्या ऐन वेळीं त्याच्या रथांतून निघून जाते. हें देवघरांत पाटावर बसून वाचलें तर पुण्य, आणि अंथरुणांत पडून वाचलें तर पाप! माझ्या आईनें माझ्या बहिणींकडून हें पारायण करविलेलें मला आठवतें. शिशुपालाबद्दल त्यांच्यांपैकीं एकीनेंही कधीं हळहळ व्यक्त केली नाहीं.

मराठी कादंबरीची सुरुवातही अशीच झाली. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची, आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ सालची. राजकन्या, राजपुत्र, दुष्ट कारस्थानी, चमत्कार, सगळा थाट तोच. परंतु रिसबुडांनीं प्रस्तावनेंत जें कारण दिलें आहे, तें मला फार महत्त्वाचें वाटतें. आपल्या लोकांतील विवाहाच्या व इतर चालीरीति अशा आहेत कीं, नित्याच्या व्यवहारांतून चित्तवेधक कथा निघणें कठीण. म्हणून अद्भुताचा आश्रय करावा लागतो, अशा आशयाचें तें आहे.

यांत केवढें सत्य आहे, तें त्या काळाचीं लग्नें आठवलीं म्हणजे ध्यानांत येतें. आठव्या-नवव्या वर्षीं मुलगी बोहल्यावर उभी राही. आवडनिवड, रुसवा, विरह, नकार या गोष्टींना तिच्या आयुष्यांत जागाच नव्हती. सदाशिव पेठेंतील एखाद्या वाड्यांत सोळा वर्षांची अविवाहित नायिका खिडकींत उभी करून तिला प्रियकराची वाट पाहावयास लावली असती, तर वाचकानें पुस्तक मिटून ठेवलें असतें. मंजुघोषेनें मात्र तें खुशाल करावें, कारण ती कोणाच्या शेजारीं राहत नव्हती. मुलीला आपला विचार बोलून दाखवितां यावा एवढ्यासाठीं लेखकाला एक आख्खें राज्य निर्माण करावें लागलें.

ज्या मुलीनें राजमहाल सोडून प्रत्यक्षांत नकार दिला, तिचें काय झालें तेंही आपणांस ठाऊक आहे. मुंबईच्या रखमाबाईंचें लग्न अकराव्या वर्षीं झालें होतें. मोठेपणीं त्यांनीं नांदावयास जाण्याचें नाकारलें, तेव्हां १८८४ सालीं पतीनें फिर्याद केली. पहिला निकाल त्यांच्या बाजूनें लागला; परंतु १८८७ त न्यायालयानें बजावलें कीं, नवऱ्याच्या घरीं जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा. तुरुंग पत्करीन, पण जाणार नाहीं, असें त्या बाईंनीं सांगितलें. अखेर १८८८ मध्यें पैसे देऊन प्रकरण मिटलें आणि रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. पुढें १८९१ त संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेतांनाही आपल्या पुण्यांत केवढें रणकंदन माजलें! मुलीच्या लग्नास चौदा वर्षांची अट घालणारा शारदा कायदा १९२९ चा, आणि अठरा वर्षांची मर्यादा तर १९७८ ची.

आमच्या या डेक्कन कॉलेजांत कांहीं काळ विद्यार्थी असलेले हरि नारायण आपटे यांनीं 'पण लक्षांत कोण घेतो' लिहून कादंबरी वाड्यांत आणली, हें खरें. राजवाड्यांनीं १९०२ च्या आपल्या निबंधांत अद्भुत व वास्तव यांचा मोठा ऊहापोह केला, तोही वाचनीय आहे. तथापि मुलें या वादाकडे पाहत बसलीं नाहींत. गो. ना. दातारांच्या कादंबऱ्यांवर आणि १९१३ च्या 'वीरधवल'वर त्यांच्या उड्या पडतच राहिल्या. (हे नाथमाधव शिकारीच्या नादांत सिंहगडावरून कोसळून कायमचे पंगू झाले, आणि मग लिहूं लागले. अंथरुणास खिळलेल्या माणसानें दौडत्या घोड्यांच्या कथा लिहाव्या, याचें मला नेहमीं नवल वाटतें.)

पुढें मात्र आपल्याकडे एक खिंडार पडलें. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे सायकलवरून चोर पकडतो, पण त्याला प्रेमाचा वारा लागत नाहीं. तें योग्यच आहे. त्यानंतर मुलगी पंधरा-सोळा वर्षांची झाली कीं आपण तिच्या हातीं एकदम 'मृत्युंजय' किंवा 'ययाति' देतों. ग्रंथ थोर, पण ययातीची विवंचना ही सोळा वर्षांच्या मुलीची विवंचना नव्हे. मधल्या पांच-सहा वर्षांसाठीं मराठींत फारच थोडें आहे. इंग्रजींत याच वयाच्या वाचकांसाठीं कपाटेंच्या कपाटें भरलेलीं असतात. नात तिकडे वळली, यांत तिचा दोष किती?

म्हणून मत देण्याआधीं मीं वाचावयाचें ठरविलें. माझें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. अडलें तेथें नात अर्थ सांगे. दोन महिने लागले. उशाखालचें पुस्तक मात्र मीं अर्ध्यावर ठेवलें, कारण त्यांतील कांहीं प्रकरणें आजोबांनीं नातीला अर्थ विचारीत वाचण्याजोगीं नव्हतीं. येथें पालकांनीं एक लक्षांत ठेवावें. वेष्टनावर ड्रॅगन असला म्हणजे पुस्तक लहानांचें असें नाहीं. सारा मास या अमेरिकन लेखिकेची एक प्रसिद्ध मालिका प्रथम किशोरांच्या कपाटांत होती, ती नंतर प्रौढांच्या कपाटांत गेली. दुकानदार हें सांगेलच असें नाहीं.

तिच्या कपाटांतून 'ट्वायलाइट' (२००५) आणि 'हंगर गेम्स' (२००८) हीं दोन पुस्तकें मीं पुरीं वाचलीं. पहिल्यांत सतरा वर्षांची मुलगी एका रक्तपिपासू पिशाचाच्या प्रेमांत पडते. तो दिसावयास सतराचा, वयानें शंभरीचा. पिशाच मला खुपलें नाहीं. वेताळपंचविशी वाचलेल्या माणसाला तें काय खुपणार? मला खुपलें तें हें कीं, मुलगी झोंपली असतां हा गृहस्थ तिला नकळत खोलींत शिरून रात्रभर तिच्याकडे पाहत बसतो, आणि लेखिका याला प्रेम म्हणते. पुढच्या एका भागांत तर तिनें मित्राकडे जाऊं नये म्हणून तो तिच्या मोटारींतला एक भाग काढून ठेवतो, असें नातीनें सांगितलें. हा पहारा आहे, आणि तो कौतुकानें रंगविला आहे. दुसऱ्या पुस्तकांत भविष्यकाळांतील एक निर्दय राज्य आहे. तेथील सोळा वर्षांची कॅटनिस धाकट्या बहिणीऐवजीं स्वतः मरणाच्या खेळांत उतरते. तिच्यावर दोघे तरुण जीव टाकतात; पण कोणावर प्रेम करावें, करावें कीं नाहीं, आणि जगाला दाखविण्यापुरतें किती करावें, याचा हिशेब ती आपला आपण मांडते. लेखन ओबडधोबड आहे, मारामारी नको तितकी आहे. तरी या पुस्तकाला मीं वरचें स्थान देईन.

हें मत मीं नातीला ऐकविलें. ती म्हणाली, "आजोबा, खिडकींतून येणारा तो चुकतो, हें आम्हां मैत्रिणींना कळतें. आम्हीं त्यावर भांडतों सुद्धां. पण तुमच्या जुन्या कादंबऱ्यांत नायिकेला कोण काय विचारतें?"

मला उत्तर सुचेना. मग माळ्यावरची पेटी उघडून 'वीरधवल' काढली. निवृत्त होतांना वर्गाच्या कपाटांतल्या सामानाबरोबर ती माझ्या घरीं आली होती. पानें पिवळीं पडलीं आहेत, बांधणी सुटली आहे. साधारण मध्यावर एका पानाचा कोपरा दुमडलेला आहे. माझा पाठ चालला असतां ती मुलगी तेथवर पोंचली असावी. नातीनें तें पुस्तक तीन दिवसांत संपविलें आणि नायिकेविषयीं तिची तक्रार कायम असल्याचें मला कळविलें.

ती विद्यार्थिनी आतां चाळिशीच्या पुढें असेल. नभोवाणीवरील हें भाषण तिच्या कानीं पडलें, तर तिला एवढेंच सांगावयाचें आहे कीं, दंड भरून तें पुस्तक तिचेंच झालेलें आहे. मीं तें नवीन बांधून घेतलें आहे आणि कोपरा तसाच ठेवला आहे. तिनें केव्हांही येऊन घेऊन जावें.