बाबा, खंजिरी आणि पंचबोल

तुमच्यापैकी किती जणांच्या लॅपटॉपमध्ये 'फायनल', 'फायनल २' आणि 'फायनल खरंच' अशा नावांच्या फाइल्स पडून आहेत? हात वर करा! माझ्याकडे अकरा आहेत. दिवसा डेडलाइन, रात्री हेडफोन आणि वीकेंडला 'घरचा स्टुडिओ'. म्हणजे पुण्यातली माझी दहा बाय दहाची खोली, एक ऑडिओ इंटरफेस, एक माइक आणि भिंतीला चिकटवलेले अंड्यांचे ट्रे. (ट्रेंबद्दल पुढे सांगते, तोवर हसू नका.)

या अकरांपैकी एक फाइल मात्र टाइमपास नव्हती. ते बाबांचं भजन होतं. बाबा अमरावतीला असतात, भजनी मंडळात वर्षानुवर्षं खंजिरी वाजवत गातात. वऱ्हाडात खंजिरी म्हटलं की राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९-१९६८) आठवणारच, आणि मोझरीचं गुरुकुंज तर आमच्याच जिल्ह्यातलं. गेल्या वर्षी बाबांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, आवाज राहील, पण वरची पट्टी विसरा. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात मी घाईघाईने त्यांचं एक भजन रेकॉर्ड करून ठेवलं. रीटेकचा प्रश्नच नव्हता.

मग दोन महिने खपून मिक्सिंग केलं. आवाजावर देवळाएवढा रिव्हर्ब, खाली जाडजूड बेस, मागे सिंथचे पॅड्स. एकदम सिनेमॅटिक! दिवाळीत घरी गेले आणि बाबांच्या मोबाइलवर ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "बेटा, गाणं तं मस्त हाय. पण याच्यात मी कुठी हाओ?"

खल्लास!

अशा वेळी आपण काय करतो? नवं प्लगइन विकत घेतो. मीही घेतलं, कॉन्व्होल्युशन रिव्हर्बचं. गंमत अशी, की एखाद्या जागेत टाळी वाजवायची किंवा फुगा फोडायचा, तिथे घुमलेला आवाज रेकॉर्ड करायचा आणि मग आपलं गाणं 'त्या जागेत' नेऊन ठेवायचं. डिसेंबरात भावंडांचा चिखलदऱ्याचा प्लॅन ठरला आणि माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. पंचबोल पॉइंट! तिथे हाक मारली की दरी पाच वेळा ओ देते, असं लहानपणापासून ऐकत आलेय. बाबांचा आवाज पंचबोलच्या दरीत... वा! माझ्या मते प्रॉब्लेम रिव्हर्बच्या क्वालिटीचा होता.

चिखलदरा माहीत नसेल तर सांगते. परतवाड्यावरून घाट चढत गेलं की मेळघाटात, हजार मीटरच्याही वर वसलेलं विदर्भाचं हे एकुलतं एक थंड हवेचं ठिकाण. भीमाने कीचकाला मारून याच दरीत फेकलं, म्हणून कीचकदरा आणि त्याचं चिखलदरा, अशी कथा. इथे कॉफीसुद्धा पिकते, तीही महाराष्ट्रात!

पंचबोलवर पहिल्या दिवशी दुपारी गेलो. टोटल फियास्को. पन्नास माणसं एका वेळी स्वतःचं नाव ओरडत होती. दरी बिचारी कुणाकुणाला उत्तर देणार? रेकॉर्डिंगमध्ये नुसता गलका आणि माइकवर आपटणारा वारा. दुसऱ्या दिवशी पहाटे रेकॉर्डरला फरची टोपी घालून एकटीच गेले. कुणी नव्हतं. एक टाळी वाजवली आणि गप्प उभी राहिले. आवाज गेला, परत आला, पुन्हा आला, प्रत्येक वेळी थोडा लांबून.

पाच मोजले का? खरं सांगू, मोजायचं विसरलेच. कारण दुसरंच काहीतरी ऐकू येत होतं. परत येणारी टाळी माझ्या टाळीसारखी कडक नव्हती. तिच्यातला 'चट्' प्रत्येक फेरीत झिजत होता, कारण आवाजातल्या वरच्या फ्रिक्वेन्सी वाटेतली हवा आणि झाडं आधी खातात. मी मात्र बाबांच्या आवाजामागे चकचकीत, धारदार रिव्हर्ब लावला होता. शब्दांइतकाच ठळक! मग शब्द आणि सावली वेगळे कसे कळणार?

दुसरी गोष्ट अंतराची. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे हाक एका सेकंदाने परत आली, तर समोरचा कडा १७० मीटरवर. ती उत्तरं सुटी ऐकू येतात, कारण आपण हाक मारून गप्प बसतो. बोलत राहिलो की कालच्या दुपारचा गलका. बाबांचं भजन द्रुत लयीत, शब्दाला शब्द लागून येणारं. त्यात तीन सेकंदांचा रिव्हर्ब म्हणजे प्रत्येक ओळीवर आधीची ओळ बसलेली.

पहाटेचं ते सुंदर रेकॉर्डिंग मी भजनात वापरलंच नाही.

रात्री लॉजच्या खोलीत हेडफोन लावून पुन्हा सुरुवात केली. वीज गेली होती, लॅपटॉपची बॅटरी दीड तासाची. (घरी पण हा नियम लावावा असं आता वाटतं. दीड तासानंतर कान खोटं बोलायला लागतात.) पॅड्स काढले. रिव्हर्ब छोटा केला, त्याचा वरचा भाग कापला आणि तो शब्दानंतर काही मिलिसेकंदांनी सुरू होईल असा ठेवला. मग बेसकडे वळले आणि तिथे खरा चोर सापडला.

आता ट्रेंबद्दल. अंड्यांचे ट्रे फक्त वरच्या आवाजांना थोडंफार अडवतात, बेसला ते दिसतसुद्धा नाहीत. दहा फुटांच्या खोलीत साधारण ५६ हर्ट्झचा आवाज भिंतींपाशी फुगतो आणि बरोब्बर मध्यभागी जवळजवळ गायब होतो. माझी खुर्ची कुठे? मध्यभागी! बेस ऐकू येईना म्हणून मी वाढवत गेले. गाणं 'लाउड' व्हावं म्हणून शेवटी लिमिटर लावला होता. प्रत्येक बेसच्या ठोक्याला तो सगळंच दाबायचा, बाबांसकट. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून तो बेस बाहेर येतच नाही, फक्त दबलेले बाबा येतात! आणि लाउड करून मिळतं काय? स्पॉटिफाय तर सगळ्यांनाच उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आणून ठेवतं.

बेस अर्ध्यावर आणला, लिमिटर सैल केला. मग व्हॉल्यूम इतका कमी केला की जेमतेम ऐकू यावं. ही ट्रिक नक्की करून बघा. हळू आवाजात कानाला बेस कमीच लागतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलंय. त्यामुळे मधलं काय जास्त, काय कमी, ते लगेच उघडं पडतं. मला फक्त खंजिरीची छुमछुम ऐकू आली. बाबा तिच्या मागे.

बॅटरी संपली. पुण्याला आल्यावर फाइल कॉलेजच्या एका मित्राला पाठवली, जो हेच काम पोटासाठी करतो. पाठवताना लाज वाटत होती, मग स्वतःलाच समजावलं. ए. आर. रहमान यांनी १९८९ मध्ये चेन्नईच्या घराच्या आवारात स्टुडिओ थाटला, १९९२ मध्ये 'रोजा' आला. तरी त्यांच्या गाण्यांच्या मिक्सिंगला वर्षानुवर्षं एच. श्रीधर होते. बिली आयलिशचा २०१९ चा अल्बम तिच्या भावाने, फिनियसने, बहुतेक बेडरूममध्ये केला, २०२० मध्ये ग्रॅमी घेतलं. पण मिक्सिंग रॉब किनेल्स्कीचं. बेडरूममध्ये गाणं होतं, फक्त बेडरूमबाहेरचे दोन कान लागतात.

मित्राचं उत्तर दोन ओळींचं होतं. "खंजिरी ३ डीबी खाली. बाकी हात लावू नकोस, प्लीज."

संक्रांतीला घरी गेले. तोच मोबाइल, तीच खुर्ची. बाबा ऐकत होते, बोटं मांडीवर ताल धरून. दुसऱ्या कडव्याला अचानक थांबले.

"इथी खंजिरी घसरली माही. ऐकलं काय?"

ऐकलं होतं. मीच मागच्या वेळी पॅडखाली लपवलं होतं.

"पुसून टाक हे," ते म्हणाले. "पट्टी खाली घेऊ, पुन्हा म्हणतो. माइक आणला काय?"

आणला नव्हता. पुढच्या शनिवारचं अमरावतीचं तिकीट काढलंय.