घरी येणारा वस्ताद

नेरळसारख्या गावी राहणाऱ्याने व्यायामासाठी पैसे मोजावेत, ही कल्पनाच प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटर उंच आणि डोक्यावरचे माथेरान सुमारे ८०० मीटर. म्हणजे साडेसातशे मीटरांची चढण दारात फुकट उभी! १९०७ साली पीरभॉय घराण्याने छोटी आगगाडी वर नेली आणि मुंबईकरांचे पाय वाचवले, ती गोष्ट निराळी. पण हल्ली पहाटे आमच्या गावात पाठीला पिशवी लावलेला एखादा तरुण मोटारसायकलवरून या इमारतीतून त्या इमारतीत जाताना दिसतो. तो दूधवाला नव्हे की पेपरवाला नव्हे. तो घरी येऊन व्यायाम शिकवणारा ‘पर्सनल ट्रेनर’!

असा ट्रेनर ठेवावा की नाही, हा प्रश्न यंदा आमच्या घरी उभा राहिला. माझी पत्नी ठाण्याला नोकरीला जाते. रोजचा लोकलचा प्रवास, जिन्यांची चढउतार आणि परत आल्यावर स्वयंपाक. तपासणीत तिची हाडे ठिसूळ होऊ लागल्याचे निघाले. डॉक्टरांनी औषधाबरोबर स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला, आणि तो जाणत्या माणसाकडून शिकून घ्या, असे बजावले.

चौकशी केली. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी ५०० रुपये. महिन्याचे ६,००० आणि वर्षाचे ७२,०००! याच जूनमध्ये मुलाच्या क्लासची फी भरलेली. मी वही-पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “अहो, मुलाच्या गणिताच्या मास्तरांना दिले, मुलीच्या पेटीच्या बाईंना दिले. माझ्या मास्तरांची पाळी आली की मात्र हिशेबाची वही निघते.”

यावर उत्तर नव्हते. पण हिशेब टळत नव्हताच. मग तो नीट करावा, असे आम्ही दोघांनी मिळून ठरवले.

पहिला प्रश्न : नुसते चालणे पुरेसे नाही का? चालण्याने हृदयाला आणि फुप्फुसांना लाभ होतो, हे खरेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. पण त्याच्याच शेजारी, आठवड्यातून निदान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायामही सांगितला आहे. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटतात. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने विरळ होतात. त्यांना वजन पेलण्याची सवय लावावी लागते. ते काम संध्याकाळच्या फेरफटक्याने भागत नाही.

दुसरा प्रश्न : मग हे पुस्तकात किंवा मोबाइलवर पाहून करता येणार नाही का? येईल, पण उठाबशा काढताना आपला गुडघा आत वळतो की नाही, ओझे उचलताना पाठ गोल होते की नाही, हे आपले आपल्याला दिसत नाही. तिथे दुसऱ्याचा डोळा लागतो. ट्रेनरला पैसे द्यायचे ते या डोळ्याचे. दुसरे, सकाळी सहाला कोणी दारात उभा राहणार असेल तर अंथरूण सोडावेच लागते. तेही पैसे त्यात आले.

ही चैन नव्या युगाची आहे, असेही नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी बाळंभटदादा देवधर व्यायामशिक्षक होते. पण त्यांचा मल्लखांब वाड्यात राहिला नाही. तो आखाड्या-आखाड्यांतून पसरला. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार संस्थानातील शाळांत नेले. आमच्या कर्जतचा घाट चढला की लागणाऱ्या लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढले आणि योगाभ्यासाला प्रयोगशाळेची जोड दिली. तालमीतला वस्तादही एकेका पोराची पकड सुधारी. मात्र त्याचा एक डोळा वीस जणांना पुरत असे. आज तोच डोळा एकट्यासाठी घ्यायचा म्हणून महाग पडतो.

मी मराठी शिकवतो. वृत्त शिकवणारा मास्तर विद्यार्थ्याबरोबर जन्मभर मात्रा मोजत बसत नाही. कानाला लय लागली की त्याचे काम संपते. ट्रेनरलाही हीच कसोटी लावावी, असे मला वाटले. म्हणून आम्ही त्या तरुणाशी सरळ बोललो : पहिल्या महिन्यात १२ दिवस, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात ४; पुढे वर्षभर महिन्यातून एकदा तपासणीपुरते यायचे. चोवीस दिवसांचे १२,००० आणि पुढील नऊ फेऱ्यांचे ४,५००, एकूण १६,५००. वर्षाच्या ७२,००० च्या पाव हिश्शाहूनही कमी!

तो क्षणभर विचारात पडला. त्याच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. सकाळी तीन घरे, पेट्रोल, कोणी आयत्या वेळी ‘आज नको’ म्हटले तर बुडालेली मजुरी. म्हणून आम्ही महिन्याचे पैसे आगाऊ देण्याचे आणि आमच्याकडून खाडा झाला तरी न कापण्याचे कबूल केले. तोही खुशीने तयार झाला.

ट्रेनर निवडताना काय पाहावे? आपल्याकडे हा धंदा करायला सरकारी परवाना लागत नाही, म्हणून तो कुठे आणि किती शिकला हे संकोच न करता विचारावे. व्यायाम सुरू करण्यापूर्वी रक्तदाब, औषधे, जुनी दुखणी यांची चौकशी करणारा चांगला. दर वेळी किती वजन, किती वेळा, याची नोंद ठेवणारा आणखी चांगला. पहिल्याच दिवशी पावडरीचा डबा पुढे करणाऱ्याला चहा पाजून निरोप द्यावा. आणि ज्याला शिकायचे काही नाही, फक्त आळस मोडायचा आहे, त्याने शेजारी गाठावा. चार शेजारणींनी मिळून एकच शिक्षक ठेवला तर खर्च चौथाई होतो आणि गप्पा फुकट मिळतात.

आमच्याकडे दुसरा महिना संपला आहे. ठाण्याहून येताना भाजीची पिशवी ती आता मला उचलू देत नाही. पाठ सरळ ठेवून, गुडघ्यात वाकून ती स्वतःच उचलते आणि वर मला सांगते, “तुमची पाठ गोल होते!” घरातल्या घरात एक नवा वस्ताद तयार होतो आहे. त्याची फी मात्र अजून ठरायची आहे.