पिकअप ऑइल खाते तेव्हा

दोन-अडीच लाख किलोमीटर पळालेली डिझेल पिकअप ऑइल खाऊ लागली की पहिला सल्ला मिळतो, "रिंगा गेल्या, इंजिन उतरवा." इतकी घाई करू नका. आधी ती खाते किती, ते मोजा.

गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक पुसून पुन्हा घाला, वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा आणि किलोमीटर वहीत लिहा. हजार किलोमीटरनंतर त्याच खुणेला यायला किती ऑइल लागलं, ते मापानेच बघा. पातळी उलट वाढलेली दिसली, तर ऑइलमध्ये बहुधा डिझेल मिसळतंय. गाडी तिथेच थांबवा.

ऑइल एकतर गळतं, नाहीतर जळतं. गळती शोधायला रात्री इंजिनखाली पुठ्ठा टाका. टॅपेट कव्हरचं पॅकिंग थोडक्यात बदलून होतं. क्रँकच्या मागच्या सीलसाठी मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

पुठ्ठा कोरडा निघाला, तर धूर बघा. काळा धूर डिझेलचा, निळसर ऑइलचा. सकाळी स्टार्ट करताच निळा लोट येऊन थांबला, तर संशय वॉल्व्ह सीलवर. मालासह चढावर सतत निळा येत असेल, तर रिंगा किंवा टर्बो. मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर उलटं ठेवा. ते उडायला लागलं, तर रिंगांच्या कडेने गॅस खाली उतरतोय. पण तुंबलेल्या ब्रीदरनेही आत दाब साठतो, म्हणून ब्रीदर आधी साफ करा. बिचाऱ्या रिंगांवर पुष्कळदा नाहक आळ येतो! टर्बोसाठी इंटरकूलरचा पाइप सोडा: आत ऑइलचा हलका थर चालतो, डबकं चालत नाही. कसारा घाट चढून आल्याबरोबर चावी फिरवू नका. तापलेल्या टर्बोत ऑइल करपतं. मिनिटभर आयडलवर ठेवा.

जाड ऑइल ही मलमपट्टी आहे. बीएस-६ गाडीत तर चालढकल नकोच, कारण जळलेल्या ऑइलची राख धुराच्या फिल्टरमध्ये (डीपीएफ) साठते आणि ती तिथे जळून जात नाही.

माझ्या मते हजार किलोमीटरला अर्धा लिटर जात असेल, तर कॅन सोबत ठेवून जुनी गाडी खुशाल चालवा. लिटरच्या वर गेलं, तर इंजिन उघडा. तोवर रोज सकाळी माल भरण्याआधी डिपस्टिक काढा. डॅशबोर्डवरचा लाल दिवा ऑइलचा दाब दाखवतो, पातळी नाही; तो लागेपर्यंत बेअरिंगं कोरडी पडू लागलेली असतात.